जुन्या गाडीची फी सगळ्यांना सारखी, पण खर्च सारखा कुठे?

वैनगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वीस वर्षं उलटलेल्या खाजगी गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाची फी केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये दुप्पट केली. दुचाकीला १,००० चे २,०००, तीनचाकीला २,५०० चे ५,०००, कारला ५,००० चे १०,०००. परदेशातून आणलेल्या कारला तर ८०,०००. एप्रिल २०२२ च्या आधी हेच काम दुचाकीला ३०० आणि कारला ६०० रुपयांत व्हायचं. म्हणजे साडेतीन वर्षांत कारची फी सहाशेवरून दहा हजारांवर.

जुन्या गाड्या रस्त्यावरून कमी व्हाव्यात हा हेतू समजू शकतो. पण फी ठरवताना गाडीची किंमत, ती वर्षाला किती चालते, कुठे चालते, यातलं काहीच विचारात नाही. पुण्यात घरात तिसरी गाडी म्हणून उभी असलेली जुनी कार आणि सिरोंचा तालुक्यात आठवडी बाजाराला जाणारी एकुलती एक मोटारसायकल, दोघांना नियम एकच. वर सिरोंच्याहून गडचिरोलीचं आरटीओ दोनशे किलोमीटरच्या पुढे. तपासणीला गाडी प्रत्यक्ष न्यावी लागते, कागद पाठवून भागत नाही.

दोन प्रश्न आहेत. ही फी भागानुसार वेगळी असावी का? आणि राज्याच्या हातात यातलं नक्की काय आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चेसिसनंबर

दुसरा प्रश्न आधी घेतो. त्याशिवाय पहिल्यावर नुसती हवेत तलवारबाजी होईल.

आपण सरसकट ज्याला 'आरटीओची फी' म्हणतो त्यात निदान चार वेगळ्या गोष्टी असतात.

फी: नोंदणी, नूतनीकरण, लायसन्स, टेस्ट, हस्तांतरण. हे आकडे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये आहेत. लायसन्सची फी नियम ३२ मध्ये, गाडीची नियम ८१ मध्ये. आकडा दिल्लीत ठरतो, वसूल राज्य करतं.

कर: हा राज्याचा. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात, राज्य सूचीतली ५७ वी नोंद. म्हणून महाराष्ट्रात एक दर, कर्नाटकात दुसरा.

पर्यावरण कर: पंधरा वर्षं झालेल्या खाजगी गाड्यांवर, पाच वर्षांसाठी. हाही राज्याचा.

आणि नंबरप्लेट, स्मार्ट कार्ड, टपाल वगैरे किरकोळ वाटणाऱ्या पण एकत्र केल्यावर किरकोळ न राहणाऱ्या रकमा.

ऑगस्ट २००५ मध्ये नोंदलेली मोटारसायकल घ्या. पंधरा वर्षांची पहिली मुदत २०२० ला संपली, तेव्हा पाच वर्षांचं नूतनीकरण ३०० रुपयांत झालं. दुसरं नूतनीकरण नेमकं ऑगस्ट २०२५ ला आलं. आता २,००० फी, पर्यावरण कर वेगळा, एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) जीएसटीसह ५३१, चालू विमा, चालू पीयूसी, स्मार्ट कार्डाचे २००. मुंबईत बसलेलं सरकार यातल्या पर्यावरण करावर आणि प्लेटच्या दरावर निर्णय घेऊ शकतं. दोन हजारांवर नाही.

जुरॉंगचा_जोशी

आमच्याकडे सिंगापुरात गाडी ठेवायचा नुसता परवाना, तोही दहा वर्षांचा, एक लाख डॉलरच्या पुढे गेलाय. गाडीचे पैसे वेगळे. तुमचं चालू द्या, मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

पेठेतला_पाहुणा

फी सारखीच हवी असं माझं मत. वीस वर्षांपूर्वीचं इंजिन धूर सोडताना पुणे की गडचिरोली असं विचारत नाही. एकदा भागानुसार दर केला की पुण्यातल्या निम्म्या जुन्या गाड्यांचे पत्ते भामरागडचे निघतील. आणि शहरातला माणूस पार्किंग, टोल आणि महाग विमा असं बरंच वर भरतोच की.

शिवाय भागानुसार दर नाहीत असंही नाही. पसंतीच्या नंबरांचे दर राज्याने ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवले. चारचाकीसाठी ०००१ हा नंबर इतर जिल्ह्यांत ५ लाखांना आणि मुंबई, पुणे, ठाण्यासारख्या जास्त मागणीच्या ठिकाणी ६ लाखांना.

वैनगंगाकाठ

@पेठेतला_पाहुणा, ०००१ घेतला नाही म्हणून कुणाचा बाजार चुकत नाही हो. पण तुमच्या उदाहरणातून एवढं सिद्ध झालं की जिल्हानिहाय दराला कायद्याची ना नाही.

चेसिसनंबर

तो दर राज्याच्या नियमात आहे म्हणून जमलं. नियम ८१ मध्ये जिल्हा नावाची गोष्टच नाही. पत्ते बदलतील ही पाहुण्यांची शंका मात्र रास्त. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर नवी गाडी राज्यातल्या कोणत्याही आरटीओत नोंदवता येते. दर वेगळे केले तर स्वस्त कार्यालयासमोर रांग लागणारच.

लाल_डबा

फीपेक्षा हेलपाटा महाग, हे या चर्चेत कुणीतरी नीट मांडायला हवं. नूतनीकरणाचा क्रम असा:

१. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत फॉर्म २५. केंद्राच्या 'वाहन' या पोर्टलवर भरायचा.
२. त्याआधी पोर्टलवर गाडीची माहिती पूर्ण आहे का, ते पाहायचं. २००५-०६ च्या गाड्यांची गाडी इथेच अडते. तेव्हाच्या नोंदी रजिस्टरमधून नंतर चढवल्यात. इंजिन नंबरात एखादा आकडा चुकलेला, मालकाचं आडनाव गायब, मोबाइल नंबर जोडलेलाच नाही. मोबाइल नाही तर ओटीपी नाही, ओटीपी नाही तर पुढचं पान उघडत नाही. मूळ आरसी बुक घेऊन कार्यालयात बॅकलॉग एंट्री, म्हणजे ही नंतर चढवलेली जुनी नोंद, दुरुस्त करून घ्यावी लागते. हा पहिला हेलपाटा.
३. थकीत ई-चलन असेल तर आधी भरायचं.
४. फी, पर्यावरण कर, अपॉइंटमेंट.
५. गाडी घेऊन तपासणी. हा दुसरा हेलपाटा. हेडलाइट, ब्रेक दिवा, इंडिकेटर, हॉर्न, आरसे, टायर, मागचा रिफ्लेक्टर आणि चेसिस नंबर. एक बल्ब उडालेला असेल तरी परत पाठवतात, म्हणजे तिसरा.

तालुक्याच्या ठिकाणी आरटीओचे महिन्याचे दौरे असतात, ज्याला सगळे कॅम्प म्हणतात. सहा महिन्यांचं वेळापत्रक आधी जाहीर होतं. तिथे लायसन्सच्या टेस्टचा कोटा भराभर संपतो, पण जुन्या गाडीची तपासणी कॅम्पात होते का, हे फोन करून आधी विचारा. निरीक्षकाने होय म्हटलं तर दोनशे किलोमीटर वाचतात. पेट्रोल आणि बुडालेली मजुरी धरली तर ही बचत फीएवढी भरते.

गडबडे_गुरुजी

राजेहो, सिरोंच्याहून गडचिरोलीले वीस वर्षांची गाडी चालवत नेली आन् वापस आणली, थेच तिची फिटनेस टेस्ट समजा ना!

दोडामार्गकर

=)) गुरुजी.

आमच्याकडचा प्रश्न वेगळा. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यातली कितीतरी माणसं कामाला रोज गोव्यात. गाडी घेतात तीही म्हापशाच्या शोरूममधून, गोव्यातल्या पत्त्यावर, जीए नंबरची. राहणं सिंधुदुर्गात, आरटीओ ओरोसला. यात नियम काय सांगतो? चेसिसदादा, जरा सांगा मरे.

चेसिसनंबर

मोटार वाहन कायद्याचं कलम ४७. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. 'ठेवली' हा शब्द महत्त्वाचा. रोज संध्याकाळी सीमा ओलांडून घरी येणारी गाडी कुठे 'ठेवलेली' आहे, यावर रस्त्यावर वाद होतो आणि तो बहुधा गाडीवाला हरतो. सर्व्हिसिंगच्या पावत्या, टोलच्या नोंदी, विम्यावरचा पत्ता हाच काय तो पुरावा. विम्यावर सिंधुदुर्गचा पत्ता आणि आरसीवर गोव्याचा, असं असेल तर आपणच लेखी कबुली दिल्यासारखं आहे.

नंबर बदलायचा झाला तर: कर्ज असेल तर बँकेची संमती. मूळ आरटीओत एनओसीसाठी (ना हरकत प्रमाणपत्र) फॉर्म २८, तीन प्रती, चेसिसचा पेन्सिल प्रिंट लावून. चलन आणि कर थकलेला नको. एनओसी मिळाल्यावर नव्या आरटीओत फॉर्म २७, मूळ आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा. फी कारला ६०० आणि दुचाकीला ३००. खरा खड्डा कराचा. नवं राज्य गाडीचं वय वजा करून आपल्या दराने कर घेतं, तो आधी भरायचा. जुन्या राज्याकडे परतावा मागायचा तो नंतर, नव्या आरसीची प्रत आणि जुनी कर पावती जोडून. पावती हरवली की परतावा लटकला. एनओसी हातात आल्यावर कपाटात ठेवू नका. उशीर झाला की दुचाकीला महिन्याला ३०० आणि इतरांना ५०० जास्तीची फी लागते.

बेळगावी_कुंदा

आमचं उलटं आहे की ओ. कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स बघा: ५ लाखांपर्यंत १३ टक्के, ५ ते १० लाख १४, १० ते २० लाख १७, त्यावर १८. आणि या कराच्या रकमेवर परत ११ टक्के उपकर. साडेआठ लाखांची पेट्रोल कार घेतली तर १,१९,००० कर आणि १३,०९० उपकर, मिळून १,३२,०९०. तीच गाडी चंदगडात एमएच-०९ (कोल्हापूर) वर घेतली तर ११ टक्क्यांनी ९३,५००. अडतीस हजारांचा फरक, आणि चंदगड म्हणजे बेळगावच्या शेजारचाच तालुका. सगळ्यांनाच मोह होतो. पण मग वर दिलेलं कलम ४७ आहेच, आणि बेळगावात परराज्यातल्या नंबरकडे बारीक लक्ष असतं.

दुचाकीचं तर विचारूच नका. एक लाखाच्या वर किंमत गेली की १८ टक्के. आजकाल एक लाखाच्या आत धड गाडी येते कुठे?

पेठेतला_पाहुणा

महाराष्ट्रात दुचाकीला ९९ सीसीपर्यंत १०, २९९ पर्यंत ११ आणि ३०० च्या पुढे १२ टक्के. कर्नाटकापुढे आपण संतच म्हणायचे.

हिशेबनीस

संत वगैरे राहू द्या. महाराष्ट्रातले कारचे दर एकदा इथे लिहून ठेवतो, कुणाला लागले तर. पेट्रोल: १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२, त्यापुढे १३. डिझेलला प्रत्येक पायरीवर दोन टक्के जास्त, म्हणजे १३-१४-१५. सीएनजी-एलपीजीला ७ ते ९ होते, १ जुलै २०२५ पासून एक-एक टक्का वाढला. कंपनीच्या नावावरची किंवा आयात केलेली गाडी सरळ २० टक्के.

आता गंमत पाहा. याच बदलात कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर नेली. म्हणजे दोन-तीन कोटींच्या गाडीलाही ३० लाखांच्या वर कर नाही. तिचा प्रत्यक्ष दर साध्या हॅचबॅकच्या आसपास किंवा त्याखाली येतो. ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के लावायचा प्रस्ताव अर्थसंकल्पात होता, तो अधिवेशनातच मागे घेतला. आणि साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना एकरकमी ७ टक्के कर लागला. आठ लाखांचा छोटा टेम्पो घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी ५६,००० मोजायचे. भाजी आणि दूध वाहणारी माणसं आहेत ही. प्रादेशिक न्याय शोधायचा तर मी दोन हजारांच्या फीआधी इथे शोधेन.

वैनगंगाकाठ

हिशेबनीस, मुद्दा पटला. पण टेम्पोवाला कर्जात का होईना, ते छप्पन्न हजार बसवून घेतो. जुन्या मोटारसायकलीच्या नूतनीकरणाला कुणी कर्ज देत नाही, हेही खरं.

कर्जफेड

कर्ज म्हणाल तर तिथेही फी आहे. नव्या दुचाकीची नोंदणी फी ३०० आणि आरसीवर बँकेचा बोजा चढवायची फी ५००! कारला ६०० आणि १,५००. रोखीने घेणारा हे वाचवतो. हप्त्यावर घेणारा नोंदणीपेक्षा बोज्यालाच जास्त पैसे देतो. डिसेंबर २०१६ पासून हे असंच आहे आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण डीलरच्या बिलात ते 'आरटीओ चार्जेस' या एका ओळीत दडलेलं असतं. ती ओळ फोडून मागा. कर पावती आणि फी पावती वेगवेगळ्या निघतात.

जाता जाता: हप्ते फिटले की फॉर्म ३५ च्या दोन प्रती आणि बँकेची एनओसी घेऊन बोजा लगेच उतरवा. बँकेच्या कागदाची मुदत संपली तर परत शाखेच्या पायऱ्या.

बदलीचा_मारा

अवांतर: बीएच (भारत) मालिकेचा, सगळ्या राज्यांत चालणारा नंबर घेऊन ही राज्याराज्यांची भानगड सुटत नाही का?

चेसिसनंबर

सुटते, पण ती सगळ्यांसाठी नाही. सप्टेंबर २०२१ पासून आहे. केंद्र-राज्य सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी, सैन्यदलं, आणि ज्या खाजगी कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत आहेत तिथले नोकरदार. खाजगीवाल्यांना कंपनीकडून फॉर्म ६० लागतो. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा. कराचा दर असा: १० लाखांपर्यंत ८, २० लाखांपर्यंत १०, पुढे १२ टक्के. डिझेलला २ जास्त, इलेक्ट्रिकला २ कमी. आणि तो जीएसटी वगळून असलेल्या किमतीवर. महाराष्ट्राचा नेहमीचा कर जीएसटीसह किमतीवर आहे, म्हणजे करावर कर. लोक नेमकं इथे फसतात: दोन वर्षांचा हप्ता चुकला की दिवसाला १०० रुपये. मोबाइलवर आठवण लावून ठेवा. चौदा वर्षांनंतर कर दरवर्षी, निम्म्या दराने.

गडबडे_गुरुजी

म्हणजे ज्याची पक्की नोकरी त्याले हप्ता, आन् ज्याचं पोट हातावर त्याले एकरकमी. वा!

दोडामार्गकर

गुरुजींनी एका वाक्यात धागा गुंडाळला.

यमुनापार

दिल्लीकर म्हणून थोडं मीठ चोळतो. तुम्ही दहा हजारांवर भांडताय, इथे पैसे देऊनही नूतनीकरण मिळत नाही. दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी एनसीआरमध्ये (दिल्ली आणि आसपासचा परिसर) चालवायची नाही, हा हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ ला उचलून धरला. ऑगस्ट २०२५ ची नवी फी म्हणूनच दिल्ली परिसराला लागू नाही.

याचा तुमच्याशी संबंध असा की इथल्या चांगल्या स्थितीतल्या गाड्या पडत्या भावात महाराष्ट्रात येतात. किंमत पाहून भुलू नका. एनओसी निघते का, तुमच्या आरटीओत चढते का, तिथे कर किती बसतो आणि पंधरा वर्षांना किती महिने उरलेत, हे विचारल्याशिवाय बयाणा देऊ नका.

हिशेबनीस

उशिराचा हिशेब कुणी मांडला नाही अजून. नोंदणीची मुदत संपल्यावर दुचाकीला महिन्याला ३००, इतर खाजगी गाड्यांना ५००. मोटारसायकल दोन वर्षं राहून गेली तर ७,२०० नुसता उशीर, मूळ फी वेगळी. कार दोन वर्षं राहिली तर १२,०००. महिन्याचा एक दिवस वर गेला तरी पूर्ण महिना धरतात.

गावाकडे गाड्या विनानोंदणीच्या फिरतात त्यामागे बेफिकिरीपेक्षा हे गणित जास्त आहे. एकदा वर्ष उलटलं की भरायची रक्कम गाडीच्या किमतीला गाठते, मग माणूस तो नादच सोडतो. विमा नाही, पीयूसी नाही, अपघात झाला तर समोरच्यालाही काही मिळत नाही.

रिक्षास्टँड

प्रवासी आणि मालवाहू गाड्यांचं हेच दुखणं फिटनेसचं. प्रमाणपत्र संपल्यावर दिवसाला ५० रुपये. २०२४ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात ही वसुली जोरात सुरू झाली, रिक्षा संघटना रस्त्यावर आल्या, जुलैमध्ये सरकारने स्थगिती दिली. म्हणजे फी केंद्राच्या नियमात असली तरी दाब आला की राज्याला वाट सापडते. सिरोंच्याच्या मोटारसायकलवाल्यांची संघटना नाही, एवढाच फरक.

आणि नागालँड, अरुणाचलच्या नंबरच्या स्लीपर बस रोज रात्री पुणे-नागपूर करतात, त्या काय तिकडच्या डोंगरात प्रवासी शोधायला घेतलेल्या असतात का? कर कमी तिथे नोंद. मोठ्याला राज्य निवडायची सोय आहे, लहान माणसाला नाही.

नवशिकी

लायसन्सच्या फीबद्दल पण सांगा ना कुणी. दुचाकी आणि कार दोन्हीचं एकदम काढायचंय.

लाल_डबा

लर्निंग: प्रत्येक प्रकाराचे १५०, म्हणजे ३००, आणि परीक्षेचे ५०. पक्कं: टेस्टचे प्रत्येकी ३००, म्हणजे ६००, लायसन्सचे २००. वर कार्ड-टपालाचं जे पावतीवर येईल ते. २०१६ च्या आधी लर्निंग ३० रुपयांत आणि टेस्ट ५० त व्हायची.

लर्निंग घरबसल्या होतं. आधारला मोबाइल जोडलेला हवा, कॅमेरा चालू हवा, १५ पैकी ९ उत्तरं बरोबर हवीत. आधारवरचा फोटोच येतो, त्यामुळे दहावीतला फोटो असेल तर आधी आधार बदलून घ्या :) मध्येच नेट गेलं तर प्रयत्न वाया जाऊ शकतो. ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते, लर्निंग सहा महिने चालतं. सुट्टीच्या दिवसांत स्लॉट मिळत नाहीत, म्हणून तिसाव्या दिवशीच अपॉइंटमेंट बघा. पाचव्या महिन्यापर्यंत थांबू नका. दोन्ही प्रकार एकाच वेळी करा. नंतर एक वाढवायचा तर ५०० मोजावे लागतील.

चेसिसनंबर

लायसन्सचं नूतनीकरण करणाऱ्यांसाठी वयाची एक गोम. ३० च्या आत काढलं तर ४० वर्षं वयापर्यंत चालतं. ३० ते ५० मध्ये दहा वर्षं. ५० ते ५५ मध्ये वयाच्या साठीपर्यंत. ५५ नंतर पाच-पाच वर्षं. मुदतीच्या आधी वर्षभर अर्ज करता येतो. उशीर केला तर २०० ऐवजी ३००, आणि वर वर्षाला १,०००. मुदत संपून एक वर्ष उलटलं की टेस्ट परत. चाळिशीनंतर डॉक्टरचा फॉर्म १-अ लागतो आणि तो डॉक्टरनेच आपल्या लॉगिनमधून चढवायचा असतो. तालुक्यात असं लॉगिन असलेला डॉक्टर नसेल तर घरबसल्या सेवेसाठीही एसटी पकडावी लागते. घ्या, परत प्रादेशिक न्यायावर आलो.

प्लेटबदल

एचएसआरपीचं कुणी खोलात लिहिलं नाही. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना सक्ती. दुचाकी आणि ट्रॅक्टर ४५०, तीनचाकी ५००, बाकी ७४५, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ५३१, ५९०, ८७९. गोवा-गुजरातपेक्षा दर जास्त हा आरोप २०२५ मध्ये बराच गाजला. सरकारचं म्हणणं, तिकडच्या आकड्यांत बसवायचा खर्च धरलेला नाही.

राज्याचे तीन झोन आणि तीन कंत्राटदार. परिवहन विभागाच्या साइटवरून आरटीओ कोड निवडूनच पुढे जा, सर्च करून उघडलेल्या साइटवर पैसे भरू नका, नकली बऱ्याच आहेत. चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे लागतात. ते वाहन पोर्टलशी जुळले नाहीत तर बुकिंगच होत नाही, मग वर लाल_डबा यांनी सांगितलेली बॅकलॉगची वारी. प्लेट नसेल तर हस्तांतरण, बोजा उतरवणं ही कामंही अडतात.

शिवारफेरी

ट्रॅक्टरच्या नूतनीकरणाला कुठली फी? एजंट १२,००० सांगतोय, 'इतर वाहन' म्हणून.

चेसिसनंबर

कायद्याच्या कलम २(२१) मध्ये हलक्या मोटार वाहनाची व्याख्या आहे. त्यात रिकामं वजन ७,५०० किलोपर्यंतचा ट्रॅक्टर धरलेला आहे. शेतीचे ट्रॅक्टर यात आरामात बसतात. तेव्हा हलक्या वाहनाची फी लागायला हवी, वीस वर्षांच्या आत ५,००० आणि पुढे १०,०००. पोर्टलवर फी आपोआप येते, पैसे भरायच्या आधी वर्ग कोणता दिसतोय तो पाहा. चुकलेला असेल तर कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या. एजंटला तोंडी सांगून उपयोग नाही.

वैनगंगाकाठ

बरीच माहिती जमा झाली, सगळ्यांचे आभार. माझं मत थोडं सरकलंय. जिल्हानिहाय फी मागण्यात अर्थ दिसत नाही, पत्ते बदलणारेच तिचा फायदा घेतील. त्यापेक्षा तीन गोष्टी मागता येतील: कॅम्पात जुन्या गाडीची तपासणी कायम ठेवा, बॅकलॉग दुरुस्ती तालुक्याला करा, आणि उशिराच्या फीला मूळ फीएवढी कमाल मर्यादा घाला. पहिल्या दोन तर राज्याच्याच हातात आहेत.

पेठेतला_पाहुणा

उशिराच्या मर्यादेला माझाही पाठिंबा. करोडोंच्या गाडीच्या कराला मर्यादा चालते, तर मोपेडच्या दंडालाही चालावी.

हिशेबनीस

पुणेकराने पाठिंबा दिला, तारीख लिहून ठेवा.

दोडामार्गकर

शेवटचा एक प्रश्न. कोकणातल्या खाऱ्या हवेत चेसिस नंबर गंजून जातो. तपासणीला प्रिंटच उठत नाही. काय करायचं?

लाल_डबा

बाइकला तो बहुधा हँडलखाली, उजव्या अंगाला असतो. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास लावून ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश अजिबात नको. आकड्यांच्या कडा झिजल्या की नंबर खोडला असा संशय येतो आणि मग पोलिसांचे कागद मागे लागतात. कोरडं झाल्यावर खडू चोळा, आकडे उठून दिसतात. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा, दोन-तीन प्रिंट घेऊन ठेवा. एवढं करूनही वाचता येत नसेल तर आरटीओकडे अर्ज करून नंबर पुन्हा ठोकायची परवानगी घ्यावी लागते. गॅरेजमध्ये परस्पर ठोकून घेऊ नका. आणि हे पावसाळ्याआधी करा, ओल्या चेसिसवर कागद टिकत नाही.